पाहा: पऱ्ह्या

बोरा बाजारात, टाईपरायटर दुरुस्तीच्या दुकानावर
जी खोली आहे, तिथे एकसष्ट खंड.
मंडळाचे उरलेले सभासद चार.
त्यांतले जाल दुबाश दर गुरुवारी मला किल्ली देतात
आणि विचारतात, "कुठवर आलात?"
मी म्हणाले होते, "एकोणीसशे एकतीस."
"म्हणजे मी अजून जन्मायचोय," म्हणाले,
आणि काठी टेकत जिना उतरले, जरा खुशीत.

सगळे खंड एकाच स्कॉटिश कवीवर.
तो इकडे कधी आला नाही.
एक लेख म्हणतो, त्याला समुद्राची भीती वाटे.
दुसरा म्हणतो, छे, फक्त होडीची.
मी दोघांना कार्ड दिलं.
सूची करणाऱ्याने भांडण सोडवायचं नसतं,
पान सांगायचं असतं.

त्याचं स्वतःचं कार्ड मात्र नाही.
लग्नाच्या आमंत्रणांच्या यादीत
नवरदेवाचं नाव कोण लिहितं?

बुटांची सात खोकी भरली आतापर्यंत.
*जेवण, वार्षिक:* मेंढीच्या पोटात भरायचं ते सारण
क्रॉफर्ड मार्केटातल्या खाटकाला कसं समजावलं,
याची अडीच पानं, आणि खाटकाचा नकार एका ओळीत.
*हेदर:* कुणीतरी पत्रातून आलेली डहाळी
पानांत दाबून ठेवलेली. आता फक्त
तिच्या आकाराचा तपकिरी डाग. त्यालाही पान क्रमांक आहे.
युद्धाच्या वर्षांत कागद इतका पातळ
की मागचा शोकसंदेश पुढच्या विनोदातून दिसतो.

ऑगस्ट सत्तेचाळीसचा अंक वेळेवर निघाला.
त्यात यमकांवर लेख आहे.
मी एक ओळ शोधत बसले दुपारभर,
निदान समासात, निदान जाहिरातीत.
मग पुढच्या तीन खंडांत *निरोप* या शब्दाखाली
बावीस नावं, बोटींसकट.
आणि मग तेलंग, डिमेलो, दुबाश (थोरले),
कु. शरयू कीर्तिकर, यांचे लेख,
जास्त तळटीपांचे, जास्त घाबरलेले.

नऊ वर्षं ते एका शब्दावर भांडले.
कवीच्या घरामागून वाहणारं ते पाणी:
नदी नाही, नाला तर नाहीच.
तेलंग म्हणे ओढा. कीर्तिकर बाई म्हणे ओहोळ,
आणि ओहोळाच्या बाजूने सोळा पानं.
मग अठ्ठावन्नच्या खंडात, पान अठ्ठ्याऐंशी,
तळटीप तीन, मुंगीएवढ्या टायपात:
"एका स्थानिक सहायकाच्या मते, पऱ्ह्या."
भांडण तिथेच थांबलं. कुणी कबूल केलं नाही,
पण पुढच्या अंकापासून सगळे पऱ्ह्याच लिहितात.

सहायक कोण?
माळ्यावरून किरकोळ खर्चाची वही काढली.
त्या वर्षी पगार एकालाच:
सीताराम घाग, रुपये अडतीस.
त्याच्याच नावावर चहा, बिस्किटं, टाचण्या,
आणि एकदा *टॅक्सी, अध्यक्षांना घरी सोडणे.*

दुबाशांना सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
"सीताराम? तो तर चहा आणायचा."
म्हटलं, हो. त्याचंही कार्ड आहे.
"संगमेश्वरकडचा होता," ते म्हणाले.
"का देवरुखचा. मी विचारलं नाही कधी."

सूची इंग्रजीत आहे, तेव्हा वर्णक्रम त्यांचा.
मी कार्ड घातलं, आणि आपोआप ते
गेलिक आणि ग्लासगो यांच्या मधोमध जाऊन बसलं.
कुणाला उठवावं लागलं नाही.

ओढा: पाहा पऱ्ह्या.
ओहोळ: पाहा पऱ्ह्या.
पऱ्ह्या: पाहा घाग, सीताराम.
त्याच्या गावच्या पऱ्ह्याचं नाव
कुठल्याच खंडात नाही.
त्या कार्डावर उजवीकडची जागा
मी कोरी ठेवली आहे.